जुन्या सर्व्हरची आत्मपरीक्षा

वैद्य घरीं आला म्हणजे तो प्रथम रोग्याची नाडी पाहतो, जीभ पाहतो, दोन प्रश्न विचारतो, आणि मगच औषधाची पुडी सोडतो. नाडी न पाहतांच पुडी देणाऱ्या वैद्याविषयीं शहाण्या माणसांचें मत काय असतें, हें सांगावयास नको. परंतु शरीराच्या बाबतींत जो विवेक आपण पाळतों, तो यंत्राच्या बाबतींत सहज सोडून देतों. यंत्र बंद पडलें कीं कोणी त्यावर थाप मारतो, कोणी त्याचा एखादा भाग उपटून नवा बसवितो, आणि कोणी तें एकदम भंगारवाल्याच्या हवालीं करतो. प्रस्तुत लेखांत अशा एका यंत्राची ओळख करून द्यावयाची आहे कीं, जें आपली नाडी आपणच पाहतें व आपल्या प्रकृतीचा अहवाल आपल्याच तोंडानें सांगतें. तें यंत्र म्हणजे जुन्या पिढीचा सर्व्हर संगणक होय.

सर्व्हर हा शब्द रोज आपल्या कानांवरून जातो. पण त्याचा अर्थ पुष्कळांस नीट ठाऊक नसतो. आपल्या टेबलावरील संगणक एका माणसाची सेवा करतो. सर्व्हर अनेकांची करतो. ग्रंथालयाची सूची, पेढीचे हिशेब, परीक्षांचे निकाल, रुग्णालयांतील नोंदी अशा वस्तु त्याच्या पोटांत असतात, व निरनिराळ्या खोल्यांतून माणसें त्यास एकाच वेळीं प्रश्न विचारीत असतात. तो रात्रंदिवस, वर्षानुवर्षें चालू राहावा अशी अपेक्षा असते. म्हणून तो बिघडला म्हणजे एकट्याचें काम अडत नाहीं, शेकडोंचें अडतें. आणि घाईच्या दुरुस्तींत त्याच्या पोटांतील नोंदी गेल्या, तर त्या कोणत्याही बाजारांत विकत मिळत नाहींत.

संगणकाच्या घडणींतील दोन गोष्टी प्रसिद्ध आहेत. एक हार्डवेअर, म्हणजे हातास लागणारे भाग. दुसरी सॉफ्टवेअर, म्हणजे त्या भागांकडून काम करून घेणाऱ्या आज्ञांची मालिका. ह्या दोहोंच्या मध्यें तिसरी एक वस्तु आहे, तिला फर्मवेअर म्हणतात. हें नांव १९६७ सालीं ॲशर ऑप्लर ह्या संगणकतज्ज्ञानें आपल्या एका लेखांत वापरलें. आज त्याचा रूढ अर्थ असा कीं, यंत्रांतील एका चिपमध्यें कायमच्या ठेवलेल्या व वीज गेली तरी न पुसणाऱ्या आज्ञा. संगणकास वीज मिळते त्या क्षणीं त्याच्या मेमरींत कामाचें असें कांहींच नसतें, व डिस्क अजून फिरावयासही लागलेली नसते. अशा वेळीं प्रोसेसरनें पहिली आज्ञा कोठून वाचावी? ती ह्या चिपमधून. आणि त्या चिपमध्यें अगदीं आरंभींच जें काम लिहिलेलें असतें, तें आत्मपरीक्षेचें. ह्या परीक्षेस पॉवर-ऑन सेल्फ-टेस्ट, किंवा संक्षेपानें 'पोस्ट' असें नांव आहे. १९८१ सालीं निघालेल्या आयबीएम पीसीवर ही परीक्षा सुखरूप पार पडली म्हणजे एक आखूड आवाज होई; दोष आढळल्यास आवाजांचा प्रकार बदले. सर्व्हरची परीक्षा ह्याहून पुष्कळ सविस्तर असते.

उदाहरणादाखल आपण सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीचे स्पार्क जातीचे सर्व्हर घेऊं. ही कंपनी १९८२ सालीं स्थापन झाली व २०१० सालीं ओरॅकल कंपनीनें ती विकत घेतली. महाराष्ट्राचाही ह्या यंत्रांशीं संबंध आहे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९८ सालीं 'परम १००००' हा महासंगणक सिद्ध केला. त्याचा एकेक घटक म्हणजे सन कंपनीचा एंटरप्राइझ २५० हा सर्व्हरच होता, व अशा प्रत्येक घटकांत दोन अल्ट्रास्पार्क प्रोसेसर होते. हे सर्व्हर आतां जुने झाले. तथापि आत्मपरीक्षेची क्रिया त्यांत इतकी उघड दिसते कीं, विद्यार्थ्यास शिकण्यास त्यांच्यासारखें दुसरें साधन क्वचितच मिळेल.

परीक्षेचा क्रम विचार करण्याजोगा आहे. ज्या प्रोसेसरनें इतरांस तपासावयाचें, तोच धड आहे कीं नाहीं हें प्रथम ठरलें पाहिजे. म्हणून तो आधीं आपले अंतर्गत रजिस्टर व जवळची लहान वेगवान मेमरी, म्हणजे कॅश, तपासतो. मग मुख्य मेमरी, मग डिस्क, नेटवर्क इत्यादींकडे जाणारे मार्ग. येथें एक मौज आहे. सामान्य प्रोग्राम आपलीं टिपणें मेमरींत ठेवून काम करतो. पण मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामास तो विश्वास ठेवतां येत नाहीं. ज्या साक्षीदाराची उलटतपासणी चालली आहे, त्याच्याच वहींत न्यायाधीशानें आपलीं टिपणें कशीं ठेवावीं? म्हणून हा प्रोग्राम आरंभीं केवळ प्रोसेसरच्या पोटांतील थोड्याशा जागेवर आपलें काम भागवितो. जें सिद्ध झालें त्याच्याच आधारानें पुढील गोष्ट सिद्ध करावयाची, ही भूमितींतील रीत येथेंही पाळलेली आहे.

आतां मेमरीची परीक्षा कशी घेतात तें पाहूं. कारण ह्या विषयाचें मर्म तेथेंच आहे. मेमरी म्हणजे अंक ठेवण्याच्या असंख्य खोल्या, व प्रत्येक अंक शून्य आणि एक ह्या दोन खुणांनीं लिहिलेला. कोणासही वाटेल कीं, सर्वत्र शून्य लिहून वाचावें, मग सर्वत्र एक लिहून वाचावें. दोन्ही बरोबर आलीं कीं परीक्षा झाली. पण तेवढ्यानें भागत नाहीं. समजा, खोलीपर्यंत जाणाऱ्या आठ तारा आहेत, व त्यांपैकीं तिसरी आणि चौथी एकमेकींस चिकटल्या आहेत. ०००००००० लिहिलें तर तसेंच परत येतें. ११११११११ लिहिलें तरी तसेंच येतें. कारण दोन्ही वेळां त्या दोन तारांवर एकच खूण होती! दोष लपून राहतो. पण ००१००००० लिहिलें कीं ढोंग उघडें पडतें. परत येतांना एकतर ००११०००० येतें किंवा ००००००००. म्हणून एकटा '१' पहिल्या तारेपासून शेवटच्या तारेपर्यंत एकेक घर चालवीत नेतात. कोणत्याही दोन तारा चिकटलेल्या असोत, ह्या चालत्या एकाच्या दृष्टींतून त्या सुटत नाहींत.

दुसरा दोष याहूनही लबाड असतो. खोलींत अंक ठीक राहतो, पण पत्ताच चुकतो. एका आळींत आठ घरें आहेत असें समजा. त्यांचे क्रमांक ० पासून ७ पर्यंत. हा क्रमांक सांगण्यास तीन तारा पुरतात. त्यांचीं मोलें ४, २ व १. आतां '२' ची तार तुटून नेहमीं शून्यच दाखवूं लागली, तर टपालवाला २ क्रमांकाचें पत्र ० मध्यें टाकील, ३ चें १ मध्यें, ६ चें ४ मध्यें आणि ७ चें ५ मध्यें. सर्व घरांत एकसारखींच पत्रें टाकलीं असतां ही गफलत कधींच कळणार नाहीं. पण प्रत्येक घरांत त्याचाच क्रमांक लिहून टाका व मग क्रमानें वाचा. ०, १, २, ३, ४, ५, ६, ७ ह्यांच्या जागीं २, ३, २, ३, ६, ७, ६, ७ असें वाचावयास मिळेल. चार ठिकाणीं चूक आली, आणि प्रत्येक ठिकाणीं चुकीचें अंतर बरोबर २ आहे. म्हणजे केवळ दोष आहे एवढेंच कळलें असें नाहीं, तर कोणत्या मोलाच्या तारेंत तो आहे हेंही कळलें. आठ विद्यार्थी एका रांगेंत बसवून हा प्रयोग वर्गांत करून पाहतां येईल. एकदां केला कीं तो विसरणार नाहीं.

सर्व्हरच्या मेमरीची आणखी एक खुबी आहे. व्यापारी आपल्या खातेवहींत उभी व आडवी अशा दोन्ही बेरजा मांडतो. एखादा आंकडा चुकला तर एक उभी व एक आडवी बेरीज बिघडते, आणि त्या दोन ओळी जेथें छेदतात तेथेंच चूक सांपडते. ह्याच जातीची कल्पना रिचर्ड हॅमिंग ह्या गणितज्ञानें पुष्कळ काटकसरीनें बसवून १९५० सालीं प्रसिद्ध केली. तिच्या आधारें सर्व्हरमध्यें ६४ खुणांबरोबर ८ खुणा पहाऱ्यास ठेवतात. एक खूण उलटली तर यंत्र ती जागच्या जागीं दुरुस्त करतें. दोन उलटल्या तर निदान चूक झाल्याचें ओळखतें. अशा खुणा केवळ बिघाडानेंच उलटतात असें नाहीं. चिपच्या वेष्टनांतील अत्यल्प किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघणारे आल्फा कणही त्या उलटवितात, असें १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध झालें. मात्र ह्या सोयीबरोबर एक धोकाही येतो. यंत्र आपल्या चुका मुकाट्यानें सुधारीत राहिलें म्हणजे मालकास वाटतें कीं सर्व कुशल आहे. म्हणून दुरुस्त झालेल्या चुकांची जी नोंद सर्व्हर ठेवतो, ती अधूनमधून वाचीत जावी. एकाच ठिकाणीं वारंवार चूक सुधारावी लागत असेल, तर तो मेमरीचा तुकडा लवकरच दगा देणार असें समजावें.

आतां प्रत्यक्ष परीक्षा घेण्याची रीत. ह्या सर्व्हरच्या फर्मवेअरचें नांव ओपनबूट. त्याच धर्तीवर पुढें १९९४ सालीं ओपन फर्मवेअर ह्या नांवाचें प्रमाण ठरलें, व अ‍ॅपल आणि आयबीएम ह्यांच्याही कांहीं यंत्रांनीं तें स्वीकारलें. ओपनबूट पडद्यावर 'ओके' हा शब्द दाखवून आज्ञेची वाट पाहतें. त्याची भाषा फोर्थ. तिचा कर्ता चार्ल्स मूर. ह्या भाषेंत आधीं वस्तु सांगावयाच्या व शेवटीं क्रिया. दोन, तीन, अधिक, टिंब असें लिहिलें कीं उत्तर ५ येतें. इंग्रजी वळणाच्या माणसास हें उलटें वाटतें. आपणांस वाटूं नये. 'दोन आणि तीन मिळीव' असेंच आपण बोलतों. मराठींत क्रियापद शेवटींच येतें.

आरंभ करण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, यंत्र जर अजून चालत असेल, तर त्यांतील सर्व नोंदींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. वर्षानुवर्षें फिरत असलेली जुनी डिस्क एकदां थांबली म्हणजे पुन्हां फिरेलच अशी खात्री नसते. दुसरी, एक वही घ्यावी व तींत प्रत्येक आज्ञा, प्रत्येक उत्तर व प्रत्येक बदल लिहावा. तिसरी, यंत्राच्या पहिल्या सीरियल पोर्टास दुसरा संगणक जोडावा. गति ९६००, आठ खुणा, पॅरिटी नाहीं, थांब-खूण एक, असें त्याचें परिमाण ठेवावें. ह्याचें कारण असें कीं, पोस्टचा सविस्तर अहवाल पडद्यावर येत नाहीं, तो ह्या मार्गानें येतो. काळ्या पडद्याकडे पाहून यंत्र मेलें असा निर्णय देणारे पुष्कळ. तें बिचारें दुसऱ्या दारानें सर्व सांगत असतें!

मग 'ओके' पुढें सेट-एन्व्ह ह्या आज्ञेनें तीन गोष्टी ठरवाव्या. 'ऑटो-बूट?' ह्यास 'फॉल्स' करावें, म्हणजे यंत्र परीक्षेनंतर थांबून राहील. 'डायग-स्विच?' ह्यास 'ट्रू' करावें, म्हणजे परीक्षा सविस्तर होईल. 'डायग-लेव्हल' ह्यास 'मॅक्स' करावें, म्हणजे ती कसून होईल. पहिल्या दोन नांवांतील प्रश्नचिन्ह हा नांवाचाच भाग आहे; ज्याचें उत्तर होय किंवा नाहीं असें असतें, त्यास तें लावतात. नंतर 'रीसेट-ऑल' म्हणावें. ह्यापुढें उतावीळ होऊं नये. मेमरी मोठी असेल तर परीक्षेस बराच वेळ लागतो, आणि मध्येंच वीज तोडली तर सर्व पुन्हां आरंभापासून करावें लागतें. कित्येक सर्व्हरांस पुढील बाजूस किल्लीचें कुलूप असतें. तें परीक्षेच्या खुणेवर फिरविलें असतांही हीच क्रिया घडते.

पोस्ट संपून 'ओके' पुन्हां आलें म्हणजे एकेका अवयवाची विचारपूस करावी. 'बॅनर' म्हटलें कीं यंत्र आपलें नांव, मेमरीचें मान व नेटवर्कचा पत्ता सांगतें. मेमरी बसविली त्यापेक्षां कमी दाखवीत असेल तर तेथेंच शोधास आरंभ होतो. 'प्रोब-स्कझी-ऑल' म्हटलें कीं जोडलेली प्रत्येक डिस्क हजेरी देते. मात्र चालू यंत्र मध्येंच अडवून ही आज्ञा देऊं नये, यंत्र जागच्या जागीं अडकून पडण्याचा संभव असतो. म्हणूनच आधीं रीसेट सांगितला. 'वॉच-क्लॉक' घड्याळाचे सेकंद मोजून दाखवितें, 'वॉच-नेट' तारेवरून येणारे निरोप मोजतें, आणि 'टेस्ट-ऑल' ज्या ज्या अवयवाजवळ स्वतःची चाचणी आहे, त्या सर्वांस ती द्यावयास लावतें.

येथें माझ्याच हातून घडलेली एक चूक सांगतों. तींत शिकण्यासारखें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका ग्रंथालयाच्या जुन्या सर्व्हरची देखभाल करीत असें. उन्हाळ्याच्या सुटींत मीं त्याची वरीलप्रमाणें सविस्तर परीक्षा घेतली. सर्व कांहीं ठीक निघालें. मीं डिस्कचें नांव स्वतः सांगून यंत्र चालू केलें, ऑटो-बूट पूर्ववत् केलें, आणि समाधानानें घरीं गेलों. पुढें पावसाळ्यांत एके रात्रीं वीज गेली व आली. सकाळीं पडद्यावर एकच ओळ पुन्हां पुन्हां उमटत होती: नेटवर्कवरून उत्तराची वाट पाहिली, तें आलें नाहीं. पुस्तकांची सूची उघडेना. दुरुस्तीस बोलाविलेल्या गृहस्थांनीं डिस्क मेली असा निकाल दिला, आणि मीही मान डोलावली. नवी डिस्क मागविण्याचें ठरलें. जुनी काढून टाकावयाची होती. तींत बारा वर्षांच्या नोंदी होत्या, व त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती. प्रत काढण्याचा जो नियम वर सांगितला, तो त्या वेळीं मींच पाळला नव्हता.

डिस्क काढण्यासाठीं हात पुढें केला, तेव्हां ग्रंथपालबाई इतकेंच म्हणाल्या, "अहो, काढण्यापूर्वीं तिला एकदां विचारून तरी पाहा." मला माझी लाज वाटली. 'प्रोब-स्कझी-ऑल' म्हणतांच डिस्कनें ताबडतोब हजेरी दिली. ती मेलेली नव्हतीच. मग 'प्रिंट-एन्व्ह' म्हणून सर्व ठराव वाचले, आणि एका ओळीवर दृष्टि खिळली: 'डायग-स्विच?' ट्रू. परीक्षेची स्थिति चालू असली म्हणजे हें यंत्र आपली नेहमींची डिस्क सोडून परीक्षेसाठीं नेमलेल्या साधनाकडे वळतें, व तें साधन बहुधा नेटवर्क असतें. म्हणजे उन्हाळ्यांत मीं चालू केलेली परीक्षा मीं कधीं बंदच केली नव्हती! एक शब्द बदलला, यंत्र पुन्हां चालू केलें, आणि थोड्या वेळांत सूची उघडली. माझी वही मीं नंतर पाहिली. त्या दिवशींच्या पानावर चाचण्यांचे निकाल होते, केलेल्या बदलांचा एक शब्दही नव्हता.

ह्यावरून पहिला धडा असा कीं, परीक्षा संपल्यावर सर्व ठराव पूर्ववत् केल्यावांचून परीक्षा संपली असें म्हणूं नये. दुसरा धडा असा कीं, यंत्र जें सांगतें आणि आपण त्यावरून जें अनुमान करतों, त्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कवरून उत्तर आलें नाहीं, एवढेंच यंत्र म्हणालें होतें. डिस्क मेली, हें आम्ही म्हणालों.

आत्मपरीक्षेसही मर्यादा आहेत. परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे यंत्र निर्दोष असें नव्हे. कित्येक दोष यंत्र तापल्यावरच प्रकट होतात, कित्येक कामाचा भार पडल्यावर. सकाळच्या थंड वेळीं घेतलेल्या परीक्षेंत ते दिसत नाहींत. उलट, एखाद्या मेमरीच्या तुकड्यावर दोषाचा शिक्का बसला म्हणजे तो तुकडाच वाईट असेंही नव्हे. तो ज्या खांचेंत बसतो ती मळली असेल. अशा वेळीं यंत्राच्या विजेच्या सर्व दोऱ्या काढाव्या. दोन पॉवर सप्लाय असल्यास दोन्हींच्या. अंगावरील स्थिर विद्युत् निघून जाण्यासाठीं मनगटास जमिनीशीं जोडलेला पट्टा बांधावा, व संशयित तुकडा आणि चांगला तुकडा ह्यांची अदलाबदल करावी. दोष तुकड्याबरोबर गेला तर तुकडा वाईट. दोष जागेवरच राहिला तर खांच वाईट. आणि दोष नाहींसाच झाला तर तुकडा केवळ नीट बसलेला नव्हता. एका वेळीं एकच बदल करावा. दोन बदल एकदम केले आणि यंत्र चालू लागलें, तर काम होईल, पण ज्ञान मिळणार नाहीं.

जुन्या स्पार्क यंत्रांचें एक दुखणें स्वतंत्र सांगण्याजोगें आहे. हे ठराव, घड्याळ व नेटवर्कचा पत्ता एका लहान चिपमध्यें राहतात, आणि तिला वीज पुरविणारी लिथियम बॅटरी तिच्या पोटांतच बंद केलेली असते. सुमारें दहा वर्षांत ती बॅटरी संपते. मग यंत्राचें घड्याळ भलतेंच दाखवितें, ठराव विसरले जातात, आणि पत्त्याच्या जागीं सर्वत्र 'एफ' हें अक्षर येतें. यंत्र धडधाकट असून त्यास स्वतःचें नांव सांगतां येत नाहीं. ह्यावर उपाय सोपा आहे: चिप बदलावी व जुना पत्ता तींत पुन्हां लिहावा. पण तो पत्ता ठाऊक पाहिजे! म्हणून यंत्र शुद्धीवर आहे तोंच 'बॅनर' म्हणून तो विचारावा आणि वहींत लिहून ठेवावा.

हल्लींच्या सर्व्हरांत ह्या कामासाठीं एक निराळा लहान प्रोसेसरच नेमलेला असतो. तो मुख्य यंत्र बंद असतांही दूरवर अहवाल पाठवितो. साधनें बदललीं, पण आधीं नोंदींची प्रत काढावी, मग विचारावें, मग ऐकावें, आणि शेवटीं हात लावावा, हा क्रम बदललेला नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कोणाच्या हातीं पुढेंमागें असें एखादें जुनें यंत्र येईल. त्यावर निकाल देण्यापूर्वीं त्याची साक्ष पुरती ऐकून घ्या, आणि परीक्षा संपल्यावर तुम्हीं स्वतः काय बदललें, ही ओळ वहींत सर्वांत आधीं लिहा.